सोलापूर ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगी न्यू जर्सीत, आई-वडील सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागात, अशी घरं आता आपल्याकडे पुष्कळ झाली आहेत. व्हिसा हातात आला की घरात तेच प्रश्न सुरू होतात. किती लांब आहे? किती तास बसायचं? सोलापुरातून निघायचं कधी? इथली उत्तरं अशाच घरांसाठी आहेत, विशेषतः पहिल्यांदा निघालेल्या आई-बाबांसाठी. उदाहरण न्यूयॉर्कचं घेतलंय, पण हिशोबाची रीत लंडन, टोरांटो, सिडनी कुठेही लागू पडेल.

सोलापूर ते न्यूयॉर्क अंतर नक्की किती?

होटगी रोडच्या आपल्या विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी (जेएफके) विमानतळापर्यंत जमिनीच्या गोलाईवरून मोजलेलं सर्वांत जवळचं अंतर साधारण १२,८२० किलोमीटर भरतं. अर्थात असं थेट विमान नाही. मुंबईहून न्यूयॉर्क साधारण १२,५३० किलोमीटर आणि सोलापूरहून मुंबई हवाई मार्गाने ३६० किलोमीटर, म्हणजे दोन टप्पे मिळून १२,८९०. फरक फक्त सत्तर किलोमीटरचा. मुंबई आपल्याला जवळजवळ वाटेतच पडते, आडवळण होत नाही.

पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर २०,००० किलोमीटरच्या फार पुढे जाऊच शकत नाही, कारण तो पृथ्वीचा अर्धा घेर झाला. त्या हिशोबाने न्यूयॉर्क म्हणजे जास्तीत जास्त जितकं लांब जाता येईल त्याच्या दोन तृतीयांशाला थोडं कमी.

नकाशात न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला दिसतं. मग विमान उत्तरेकडे का जातं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो यायलाच हवा. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया, मोरोक्को ओलांडून अटलांटिकवर जाते. सरळ आणि म्हणून जवळची वाटते. प्रत्यक्षात शाळेतल्या नेहमीच्या नकाशावरच्या त्या रेघेने गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात. खऱ्या जवळच्या मार्गापेक्षा सोळा-सतराशे किलोमीटर जास्त, म्हणजे दोन तासांचं उड्डाण वाया.

कारण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल. घरात पोराचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या, एक दोरा मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा आणि दुसरं टोक न्यूयॉर्कवर ताणा. दोरा ढिला सोडू नका, घट्ट ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकेल. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मग मॉस्कोच्या जवळून रशिया, फिनलंडचा दक्षिण भाग, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ घासून कॅनडा आणि तिथून खाली न्यूयॉर्क. मुंबईहून निघताना या मार्गाची दिशा पश्चिम नसून उत्तर-वायव्य असते, आणि वाटेत तो ६४ ते ६५ अक्षांशापर्यंत वर चढतो.

विमान रोज याच दोऱ्यावरून जातं असं मात्र नाही. त्याची कारणं पुढे येतील.

हे अंतर मला स्वतःला काढता येईल का?

येईल. दहावीची त्रिकोणमिती आणि मोबाइलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. नातवंडांना जवळ बसवून कराच. गणित उपयोगी पडतं हे सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

जवळच्या अंतरासाठी सोपी रीत. सोलापूर विमानतळ साधारण १७.६३ उत्तर, ७५.९३ पूर्व. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. उत्तर-दक्षिण फरक १.४६ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर धरले की १६२. पूर्व-पश्चिम फरक ३.०६ अंश. पण रेखांश ध्रुवांकडे एकमेकांच्या जवळ येत जातात, म्हणून आपल्या पट्ट्यात एका अंशाला १११ ऐवजी साधारण १०५.५ धरायचे. ते झाले ३२३. आता पायथागोरस: १६२ चा वर्ग, ३२३ चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर ३६१ किलोमीटर.

लांबच्या अंतराला पायथागोरस चालत नाही. तिथे असं करायचं: दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन. मुंबई-न्यूयॉर्क घेऊ. न्यूयॉर्क ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५. पहिला भाग ०.२१३ येतो, दुसरा उणे ०.५९९. बेरीज उणे ०.३८६. याचा कोसाइन-व्यस्त घेतला की कोन मिळतो ११२.७ अंश. गुणिले १११.२, झाले १२,५३२ किलोमीटर. कॅल्क्युलेटर 'रेडियन'वर नसून 'डिग्री'वर आहे ना, एवढं बघा. नाहीतर उत्तर भलतंच येईल आणि चूक कुठे झाली ते कळणार नाही.

वेगवेगळ्या वेबसाइटवर वेगवेगळं अंतर का दिसतं?

बहुतेक वेळा एककाचा घोळ असतो. १२,५३० किलोमीटर म्हणजे ७,७९० मैल आणि ६,७७० नॉटिकल (सागरी) मैल. एका साइटवर 'माइल्स' आणि दुसरीवर 'एनएम' लिहिलेलं असतं, आपण दोन्हीला मैल समजतो. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ चा.

दुसरं कारण बारीक आहे. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्ताजवळ थोडी फुगीर आहे: तिथे त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५७. काही साइट हे धरतात, काही धरत नाहीत. त्यामुळे दहा-वीस किलोमीटर इकडे-तिकडे होतात, ते सोडून द्या. आणि काही ठिकाणी विमानतळाऐवजी शहराचा मध्य धरलेला असतो.

मग तास किती लागतात?

मोठी विमानं ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडतात. पण उड्डाण, चढाई, उतरणं आणि रांगेत घिरट्या यांत वेग कमी पडतो. म्हणून मी अंतराला ८५० ने भागून वर अर्धा तास धरायला सांगतो. १२,५३० भागिले ८५० म्हणजे पावणेपंधरा, अधिक अर्धा: सव्वापंधरा तास. वारा नसता तर.

पण वारा असतो. नॉनस्टॉप विमानाला मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना साधारण सोळा तास आणि येताना साडेचौदाच्या आसपास लागतात. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, उत्तरेच्या मधल्या अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे हवेचा जोरदार पट्टा वाहत असतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे किलोमीटर तर नेहमीचे, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर. जाताना तो नाकावर येतो, येताना पाठीवर. म्हणूनच वैमानिक रोज नवा मार्ग आखून घेतात: जाताना वारा टाळायचा, येताना गाठायचा. पन्नास-शंभर किलोमीटर जास्त उडून अर्धा तास वाचत असेल तर ते जास्तच उडतात.

"पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून जाताना न्यूयॉर्क आपल्याकडे यायला हवं" असं पुष्कळ जण म्हणतात. तसं होत नाही, कारण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. तसं असतं तर जायलाच कमी वेळ लागला असता. घडतं ते उलटंच.

तिकिटावर लिहिलेला वेळ म्हणजे हवेत असण्याचा वेळ का?

नाही. तो गेटपासून गेटपर्यंतचा असतो. मुंबईत धावपट्टीकडे जायला लागणारी वीस-पंचवीस मिनिटं आणि तिकडे उतरल्यावर गेट मिळेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. त्यामुळे विमान अर्धा तास उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं, यात नवल काही नाही.

पाकिस्तानवरून विमानं जात नाहीत म्हणे. त्याचा आपल्याला किती फटका?

२४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि पुढे ती मुदत महिन्यामहिन्याने वाढवत नेली. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असं झालं होतं. वरचा दोरा आठवा: पहिलाच देश पाकिस्तान. तो वगळला की विमानाला आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाऊन मग वर वळावं लागतं. दिल्ली-अमृतसरच्या विमानांना याचा त्रास मोठा. मुंबई समुद्रकाठी असल्याने तुलनेने कमी, पण होतोच.

बंदी भारतीय कंपन्यांवर आहे, आखाती किंवा युरोपीय कंपन्यांवर नाही. उलट युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून उडता येत नाही, भारतीय कंपन्यांना येतं. म्हणजे प्रत्येक कंपनीचा दोरा वेगळ्या ठिकाणी अडतो. पश्चिम आशियात तणाव वाढला की आणखी हद्दी बंद होतात आणि एका रात्रीत वेळापत्रकं बदलतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीच्या ॲपवर विमानाची वेळ पुन्हा बघा, आणि तिकीट एजंटाने काढलं असेल तरी त्यात मोबाइल नंबर तुमचाच घालायला लावा. वेळ बदलल्याचा मेसेज एजंटाकडे जाऊन उपयोग नाही.

दुबई किंवा लंडनमार्गे गेलं तर अंतर खूप वाढतं का?

हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं: जवळजवळ नाहीच. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर, दुबई-न्यूयॉर्क ११,०२०. एकूण १२,९५०, म्हणजे नॉनस्टॉपपेक्षा सव्वाचारशे किलोमीटर जास्त. लंडनमार्गे तर त्याहून कमी: ७,२०० अधिक ५,५४०, एकूण १२,७४०. फरक दोनशे किलोमीटरचा.

वाढतो तो वेळ. मधल्या विमानतळावरचे दोन-चार तास, पुन्हा उड्डाण, पुन्हा उतरणं. दोन तासांचा थांबा स्वस्त तिकिटात मिळाला म्हणून लगेच खूश होऊ नका. वयस्कर माणसांना मोठ्या विमानतळावर एका गेटवरून दुसऱ्या गेटला जायला, मध्ये पुन्हा सुरक्षा तपासणी, हे धरून तीन तास तरी हवेत. चार मिळाले तर उत्तम. पाय मोकळे होतात, चहा होतो, आणि पहिलं विमान तासभर उशिरा आलं तरी जीव टांगणीला लागत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात, सोळा तास सलग बसणं जड जातं, त्यांना मी थांब्याचं विमानच घ्या म्हणतो. ज्यांना इंग्रजी-हिंदीत विचारपूस करायची धास्ती वाटते, त्यांना नॉनस्टॉप. पैशांचा विचार यानंतर.

तिकीट काढण्याआधी मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर बघा. हे नियम बदलत राहतात, शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी लागला नव्हता यावर जाऊ नका. आणखी एक लक्षात ठेवा: अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच, आणि जिथे पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन होतं. पुढे देशांतर्गत विमान असेल तर बॅगा तिथे उचलून पुन्हा द्याव्या लागतात. अबू धाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं, तिकडे उतरल्यावर रांग नाही. आई-बाबांसाठी ही मोठी सोय आहे.

'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' एकच ना?

नाही. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरता. डायरेक्ट म्हणजे विमानाचा नंबर एकच, पण मध्ये थांबा असू शकतो. एजंट 'डायरेक्ट आहे' म्हणाला तर 'मध्ये उतरतं का?' असं सरळ विचारा.

रात्री दीडला निघून सकाळी आठला पोचतं असं तिकिटावर आहे. साडेसहा तासांत अमेरिका?

दोन्ही वेळा स्थानिक असतात. मुंबईची वेळ मुंबईची, न्यूयॉर्कची वेळ न्यूयॉर्कची. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात.

हिशोब असा: रात्री १.३० ला निघालं, सोळा तास उडालं, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ५.३०. त्यातून साडेनऊ तास वजा केले की तिकडे सकाळचे ८. तारीख तीच. येताना याच्या उलट: तिकडून सकाळी ११ ला निघालात तर आपल्याकडे तेव्हा रात्रीचे ८.३० असतात. साडेचौदा तासांनी मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११. कागदावर चोवीस तास दिसतात, उडालात साडेचौदाच.

वेळेचा हा फरक रेखांशातून येतो, एका अंशाला चार मिनिटं. सोलापूर मुंबईच्या तीन अंश पूर्वेला आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा साधारण बारा मिनिटं आधी डोक्यावर येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, कारण सगळ्या देशाने ८२.५ पूर्व रेखांशाची वेळ धरली आहे.

तिकिटावर '१५ तारीख, ०१.३०' आहे. निघायचं कधी?

इथे जरा थांबून वाचा. १५ तारखेचे ०१.३० म्हणजे १४ तारखेची रात्र उलटल्यानंतरचे दीड. म्हणजे मुंबई विमानतळावर तुम्ही १४ तारखेच्या रात्री साडेनऊपर्यंत हजर हवेत, आणि सोलापूर १४ लाच, किंवा त्याआधी, सोडलेलं हवं. मुंबईहून लांबची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे ही गफलत वारंवार होते. १५ तारखेला रात्री जेवून-खाऊन विमानतळावर पोचलेली माणसं असतात. विमान तोवर न्यूयॉर्कला उतरून परत निघालेलं असतं. रेल्वेचं तिकीट काढण्यापूर्वी कॅलेंडरवर 'घर सोडण्याचा दिवस' वेगळ्या रंगाने लिहा आणि घरातल्या दोघांना तरी तो वाचायला लावा.

सोलापूर ते मुंबई कसं जावं?

सगळा प्रवास १२,८९० किलोमीटरचा, त्यात सोलापूर-मुंबई ३६०. तीन टक्केसुद्धा नाही. पण बिघाड व्हायची शक्यता जास्तीत जास्त याच तुकड्यात, आणि नियोजनही याचंच कमी होतं. विमानाचं तिकीट चार महिने आधी निघतं आणि मुंबईला कसं जायचं ते आदल्या आठवड्यात ठरतं. हे उलटं व्हायला हवं.

रेल्वेने अंतर ४५५ किलोमीटर. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्रभरात नेते आणि सकाळी पोचवते. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे: सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास निघून दुपारी साडेबाराच्या आसपास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. विमानतळासाठी तिथपर्यंत जाऊ नका, दादरलाच उतरा. सामान घेऊन सीएसएमटीहून सहारच्या विमानतळाकडे परत येण्यात तासाहून जास्त जातो. ही गाडी आठवड्यातून एक दिवस नसते, तो वार आधी बघून घ्या.

रस्त्याने चारशे किलोमीटर. कागदावर सात तास, पण टेंभुर्णी-इंदापूर-भिगवणपर्यंत जितकं सुरळीत जाता, तितकंच यवत-हडपसर आणि पुढे घाटात अडकता. गाडीने जायचं असेल तर दहा तास धरा. पावसाळ्यात आणि शनिवार-रविवारी बाराही कमीच.

आता सोलापूरहून विमान आहे की. त्याच दिवशी पुढचं विमान पकडता येईल?

आपल्या विमानतळासाठी सोलापूरकरांनी फार वाट बघितली. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली, त्यावरून गावात किती वाद झाले ते सगळ्यांना आठवतंय. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या रूपातल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची सुरू झाली. तासाभरात मुंबई, ही गोष्ट छोटी नाही.

तरीही परदेशाच्या प्रवासात त्यावर विसंबताना दोन गोष्टी बघा. पहिली, दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर आहेत का? नसतील तर सोलापूरचं विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं, तर पुढच्या कंपनीची काहीही जबाबदारी राहत नाही. लाखाचं तिकीट जाऊ शकतं. दुसरी, विमान रद्द झाल्यावर त्याच दिवशी मुंबई गाठायचा दुसरा मार्ग शिल्लक राहतो का? दुपारनंतर विमान रद्द झालं, तर वंदे भारत सकाळीच गेलेली असते आणि रात्रीची गाडी उशीर करते. माझं म्हणणं स्पष्ट आहे: परदेशाचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर एक दिवस आधी मुंबईत पोचा. नातेवाइकांकडे मुक्काम करा, विमानतळाजवळ खोली घ्या, पण पोचा.

नवी मुंबईचं विमानतळ आपल्याला जवळ नाही का? आणि हैदराबाद?

नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालं आणि पुण्याकडून येणाऱ्याला ते मुंबईच्या आधी लागतं. पण तुमचं विमान कुठून सुटतं ते तिकिटावरच्या तीन अक्षरांत बघा: बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. गाडीवाल्याला नुसतं 'मुंबई एअरपोर्ट' सांगू नका.

हैदराबादचं शमशाबाद विमानतळ रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या थोडं वर, महामार्ग चांगला आणि घाट नाही. तिथून न्यूयॉर्क सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर जास्त लांब पडतं, पण हवेत तो अर्ध्या तासाचा फरक. ज्यांना आखातामार्गेच जायचं आहे आणि गाडीनेच निघायचं आहे, त्यांनी हैदराबादचे दर जरूर बघावेत. अक्कलकोट रोड, होटगी रोडकडच्या मंडळींना तर पुण्याची गर्दी पूर्ण टळते.

घराच्या दारापासून मुलीच्या दारापर्यंत एकूण किती तास?

वरचंच रात्री दीडचं विमान धरू. वंदे भारतने गेलात तर पहाटे सव्वापाचला घर सोडायचं. दुपारी दादर, नातेवाइकांकडे जेवण, थोडी झोप, रात्री साडेनऊला विमानतळ. न्यूयॉर्कला सकाळी आठ, इमिग्रेशन आणि बॅगा धरून साडेनऊ, तासाभराचा रस्ता, साडेदहाला घरी. आपल्या घड्याळात तेव्हा रात्रीचे आठ. एकूण जवळजवळ ३९ तास, आणि त्यात विमानात बसणं सोळाच तासांचं.

सकाळी साडेअकराला गाडीने निघालात तर हेच साडेबत्तीस तासांत होतं. सव्वासहा तास वाचले. तरी पासष्टीच्या पुढच्यांना मी ३९ तासांचाच रस्ता सांगेन. मधली ती दुपारची झोप आणि घरचं जेवण पुढच्या सोळा तासांत अंगाला लागतं. गाडीने जाणारा माणूस विमानात शिरतानाच थकलेला असतो.

जेएफके घ्यावं की नेवार्क?

मुंबईहून अंतर जवळजवळ सारखंच. मुलं एडिसन, जर्सी सिटी, प्रिन्स्टन भागात राहत असतील तर नेवार्क, कारण ते न्यू जर्सीतच आहे आणि शहर ओलांडावं लागत नाही. क्वीन्स किंवा लाँग आयलंडला राहत असतील तर जेएफके.

समुद्रावर एक इंजिन बंद पडलं तर?

दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर तासन्‌तास उडू शकतं आणि त्याची परवानगी तपासूनच दिली जाते. बोइंग ७७७ सारख्या विमानाला जवळचं विमानतळ एका इंजिनावर साडेपाच तासांच्या आत गाठता येईल, अशा मार्गाने जाण्याची मान्यता मिळू शकते. इतक्या लांबच्या विमानात वैमानिकही चार असतात आणि आळीपाळीने झोपतात. निश्चिंत बसा.

सोळा तास बसून पाय सुजतात. काय करावं?

चार तासांहून लांबच्या कुठल्याही प्रवासात पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका थोडा वाढतो. विमान असो की बस. दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत फेरी मारा, बसल्या जागी टाचा-चवडे वर-खाली करा, पाणी पीत राहा. तिकीट काढतानाच कडेची सीट मागा. पूर्वी गाठ झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत अजिबात नको, खाली ते गोठू शकतं. वेळ साडेनऊ तासांनी मागे जात असल्याने इन्सुलिनचा डोस कधी घ्यायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

व्हीलचेअर मागायला संकोच करू नका. तिकीट काढतानाच नोंद करायची, वेगळे पैसे लागत नाहीत. चालता येत असलं तरी मोठ्या विमानतळावर एक-एक किलोमीटर चालावं लागतं, आणि सोबतचा माणूस इमिग्रेशनपर्यंत वाट दाखवतो.

शेंगा चटणी हातात नेता येईल?

मोठ्या पुड्यातली नको. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातातल्या सामानात असली तर वेगळी तपासणी होते आणि ती काढूनही ठेवू शकतात. ती तपासणी अगदी विमानात शिरताना होते, तेव्हा परत बॅगेत टाकायची सोय नसते. चटणी, मेतकूट, भाजणी सगळं मोठ्या बॅगेत. तेलाचं लोणचंही तिथेच. कडक भाकरी हातात चालते, आणि विमानातलं जेवण गेलं नाही तर तीच कामी येते. ताजी फळं आणि मांस नेऊ नका. उतरल्यावर खाण्याचे पदार्थ आहेत असं विचारतील तर 'हो' सांगा. लपवलं तर दंड होतो, सांगितलं तर फार तर पिशवी उघडून बघतात.

घरी बसून विमान कुठे आहे ते कळतं का?

फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर विमानाचा नंबर टाकला की नकाशावर दिसतं. मात्र अटलांटिकवर गेल्यावर ते अधूनमधून गायब होतं किंवा एकाच जागी थांबलेलं दिसतं. घाबरू नका. ही माहिती बरीचशी जमिनीवरच्या अँटेनांकडून येते आणि समुद्रात अँटेना नसतात. किनाऱ्याजवळ आलं की पुन्हा दिसू लागतं.

'लँडेड' दिसल्याबरोबर फोन येत नाही म्हणूनही काळजी करू नका. गेट, इमिग्रेशनची रांग, बॅगा, असा दीड-दोन तासांचा वेळ जातो, आणि आई-बाबांच्या फोनमध्ये तिकडचं सिम नसतं. विमानतळाचं वाय-फाय कसं जोडायचं ते निघण्यापूर्वी दोनदा करून घ्या. मुलीचा नंबर आणि पत्ता कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. इमिग्रेशनचा अधिकारी राहण्याचा पत्ता विचारतो, आणि तेव्हा फोनची बॅटरी संपलेली असली तरी कागद हाताशी असतो.